कर्त्या वयाचे व्याकरण

बेरोजगारीचा वार्षिक आकडा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर आला की आमच्या प्राध्यापक-कक्षात तीन प्रकारची वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले समाधानाचे : 'बघा, घटली की नाही बेरोजगारी?' दुसरे संशयाचे : 'आकडे सगळे खोटेच असतात हो.' आणि तिसरे, जे बहुधा मराठी विभागाच्या कोपऱ्यातून येते, ते उदासीनतेचे : 'आकड्यांशी आपल्याला काय कर्तव्य? माणसाचे दुःख साहित्यात असते, तक्त्यात नसते.' प्रस्तुत लेख या तिन्ही वाक्यांच्या विरोधात आहे. खरे सांगायचे तर आमचा अधिक राग तिसऱ्या वाक्यावर आहे, कारण ते आमचे स्वतःचे आहे.

आम्ही मराठी शिकवतो. चाळिशी ओलांडून काही वर्षे झाली. आमच्यापैकी काहींनी उमेदीची बरीच वर्षे तासिका तत्त्वावर काढली. शिकवलेल्या तासांचे पैसे मिळाले, सुटीचे मिळाले नाहीत, आणि जे मिळाले तेही कधी सहा-सहा महिन्यांनी. त्या काळात पाहणी करणारा सरकारी कर्मचारी दारात आला असता तर त्याने आम्हांला निःसंकोच 'रोजगारात' या सदरात बसवले असते, आणि नियमाने पाहता त्यात त्याची काहीच चूक नसती. नेमके येथूनच आमच्या म्हणण्याला सुरुवात होते. चूक कोणाचीही नाही, खोटे कोणी बोलत नाही, आणि तरीही शेवटी जो आकडा छापून येतो त्यात आमचे ते दिवस ओळखू येत नाहीत. हे कसे घडते? आमचे उत्तर असे, की ही गणिताची करामत नसून शब्दांची आहे. आणि शब्दांचा अर्थ लावणे हा तर आमचा पोटापाण्याचा व्यवसाय!

१

अर्थशास्त्रात पंचवीस ते चोपन्न या वयोगटाला विशेष महत्त्व आहे. शिकणारे तरुण आणि निवृत्त वृद्ध वगळले की जे उरतात, त्यांच्यापैकी किती जण कामावर आहेत यावरून अर्थव्यवस्थेची प्रकृती जोखतात. अमेरिकेत २०२३ मध्ये हे प्रमाण ८० टक्क्यांच्या थोडे वर होते. मराठीत या वयाला फार नेमका शब्द आहे : कर्ते वय. 'घरातला कर्ता मुलगा' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात वय, जबाबदारी आणि मिळकत अशा तिन्ही गोष्टी येतात. 'कर्ता' हाच शब्द व्याकरणातही आहे. वाक्यातली क्रिया जो करतो तो.

आपल्या देशातील कर्त्या वयाच्या पुरुषांचा आकडा पाहिला तर हाती फारसे काही लागत नाही. तिशी-चाळिशीतले जवळपास सर्वच पुरुष काही ना काही काम करत असतात. याचे कारण सुबत्ता नव्हे. ज्या देशात बहुसंख्य लोकांना बेकारभत्ता नाही, तेथे गरिबाला बेकार राहणे परवडतच नाही. बी.ए. झालेला मुलगा घरच्यांच्या आधारावर दोन वर्षे स्पर्धापरीक्षांची वाट पाहू शकतो, म्हणून तो बेरोजगार ठरतो. त्याचाच सातवीत शाळा सुटलेला मित्र सकाळी मजूर-अड्ड्यावर उभा राहतो आणि रोजगारात मोजला जातो. तेव्हा कर्त्या वयाबाबत 'काम आहे का' हा प्रश्न आपल्याकडे फार काही सांगत नाही. 'कसले काम, कोणाच्या नावावर, कशाच्या बदल्यात' हा प्रश्न सांगतो. तो मात्र मथळ्यात मावत नाही.

२

आता पाहणीच्या शब्दांकडे येऊ. पूर्वी राष्ट्रीय नमुना पाहणी साधारण दर पाच वर्षांनी रोजगाराची मोठी मोजणी करीत असे. एप्रिल २०१७ पासून तिची जागा नियतकालिक श्रमबल पाहणीने, म्हणजे 'पीएलएफएस'ने घेतली आणि वार्षिक आकडे मिळू लागले. पहिला अहवाल जुलै २०१७ ते जून २०१८ या वर्षाचा. तो वेळेवर प्रसिद्ध न झाल्याच्या वादात राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी जानेवारी २०१९ मध्ये राजीनामे दिले, आणि निवडणूक आटोपल्यावर ३१ मे २०१९ रोजी तो बाहेर आला. त्यात पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांतील बेरोजगारीचा दर ६ टक्के होता. २०२३-२४च्या अहवालात तो ३.२ टक्के झाला. 'घटली की नाही' हे वाक्य येथून येते.

पण हे ३.२ टक्के ज्या व्याख्येने निघतात ती कितीजणांनी वाचली आहे? वर्षभरात ज्या गोष्टीत माणसाचा अधिक काळ गेला ती त्याची मुख्य स्थिती. आणि त्याखेरीज तीस किंवा अधिक दिवस जे काम केले ते दुय्यम. दोन्ही मिळून जो आकडा होतो तोच मथळ्यात येतो. म्हणजे नेट-सेट उत्तीर्ण होऊन वर्षभर जाहिरातींची वाट पाहणारा आमचा एखादा माजी विद्यार्थी सुगीचा एक महिना चुलत्याच्या मळणीयंत्रावर गेला, तर या हिशेबाने तो बेरोजगार उरत नाही. दुसरी पद्धत साप्ताहिक आहे. तीत मागील सात दिवसांत एखाद्या दिवशी निदान एक तास काम केले असले, तरी माणूस त्या आठवड्यापुरता रोजगारात धरला जातो.

याहून वाचनीय आहेत पाहणीतले संकेतांक. प्रत्येक माणसाला त्याच्या कामाप्रमाणे एक आकडा मिळतो. स्वतःचा धंदा करणारा ११. घरच्या धंद्यात किंवा शेतात विनामोबदला मदत करणारा २१. नियमित पगारावरचा ३१. काम शोधणारा ८१. विद्यार्थी ९१. आणि मग ९२ : फक्त घरकाम करणारी व्यक्ती. ९३ : घरकामाबरोबर सरपण, वैरण, रानभाजी गोळा करणारी किंवा घरापुरते शिवण-टिपण करणारी व्यक्ती. २१ हा रोजगार आहे. ९२ आणि ९३ हे श्रमबलाच्याच बाहेर. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर एकाच बाईला सकाळी खुरपताना कर्तेपद मिळते, आणि दुपारी तीच सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन येते तेव्हा ते काढून घेतले जाते.

३

आमचा एक विद्यार्थी परवा बसस्थानकावर भेटला. एम.ए. होऊन चार वर्षे झाली. 'सध्या काय करतोस?' असे विचारल्यावर म्हणाला, 'काही नाही सर, घरीच असतो.' नंतर चहा पिताना कळले की पहाटे चारला उठून तो घरच्या सहा म्हशींची धार काढतो, दूध डेअरीवर घालतो, आणि दुपारी वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. पैसा सारा वडिलांच्या हाती. पाहणीच्या लेखी तो २१, म्हणजे रोजगारात. त्याच्या स्वतःच्या लेखी 'काही नाही'. या दोहोंपैकी खरे कोण?

त्याची आई बरोबर होती. तिला विचारले असते तर तीही 'मी काय करते, घरीच असते' असेच म्हणाली असती. मराठी प्रदेशातल्या लाखो बाया हे वाक्य म्हणतात, आणि ते म्हणताना त्यांच्या हातात काही ना काही काम चालू असते. पाहणीचा कर्मचारी तिथेच थांबला तर ती ९२. त्याने चिकाटीने पुढे विचारले, 'म्हशींचे कोण बघते? शेण-वैरण कोण करते? दूध विकता ना?', तर तीच बाई २१ होते. बाई तीच, म्हशी त्याच, दिवसही तोच. एका जादा प्रश्नाने देशाचा एक कामगार वाढतो.

आमच्या व्यवसायबंधूंनी येथे क्षणभर थांबावे. प्रत्येक टक्केवारीच्या मुळाशी दारातले एक संभाषण असते, कुठे मराठीतले, कुठे कन्नडातले, कुठे मैथिलीतले. उत्तर देणारा आपल्या बोलीतल्या शब्दाने देतो, कर्मचारी त्याचे संकेतांकात रूपांतर करतो, आणि दिल्लीत त्या संकेतांकांची बेरीज होते. म्हणजे टक्केवारी हा एक अनुवाद आहे. अनुवादात काय सुटते, काय बदलते, कोणता शब्द मूळ अर्थाहून रुंद होतो, हे तपासायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मग हाच एक अनुवाद आपण न वाचता का स्वीकारतो, किंवा न वाचता का फेटाळतो?

४

आता वाचून दाखवतो. २०१७-१८ मध्ये पंधरा वर्षांवरील दर शंभर स्त्रियांपैकी २२ कामात होत्या. २०२३-२४ मध्ये ४०. सहा वर्षांत हे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. याचा जयघोषही झाला. पण त्याच अहवालातला पुढला तक्ता पाहावा. कामकरी स्त्रियांमध्ये नियमित पगारावर असलेल्यांचा वाटा २१ टक्क्यांवरून १५.९ टक्क्यांवर आला; स्वयंरोजगाराचा ५१.९ वरून ६७.४ वर गेला. आणि या स्वयंरोजगारातच घरच्या धंद्यातल्या विनामोबदला मदतनीस मोडतात, त्यांचा वाटा ३१.७ वरून ३६.७ झाला.

वाटे फसवे असतात म्हणून ढोबळ गुणाकारही करून पाहिला. शंभर स्त्रियांमागे ज्या अठरा जणी नव्याने कामकरी ठरल्या, त्यांत साधारण आठ विनामोबदला मदतनीस, आठ स्वतःचे काहीतरी करणाऱ्या, दोनहून किंचित कमी नियमित पगारी, आणि एकीहून कमी रोजंदारीवरची. पगारी स्त्रिया वाढल्याच नाहीत असे म्हणणे खोटे ठरेल. त्या थोड्या वाढल्या आहेत. पण अठरातल्या आठ जणींच्या हातात स्वतःच्या नावाचा एक रुपयाही येत नाही आणि त्यांना आपण 'रोजगार मिळाला' असे म्हणतो, हेही तितकेच खरे आहे. त्याच काळात शेतीवर अवलंबून असलेल्या कामकऱ्यांचे प्रमाण २०१८-१९ मधील ४२.५ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ४६.१ टक्क्यांवर गेले. विकासाच्या पाठ्यपुस्तकात माणसे शेतीतून कारखान्याकडे जातात. येथे उलट्या पावलांनी निघालेली दिसतात.

या स्त्रिया खरोखर नव्याने कामाला लागल्या, की पूर्वीपासून राबतच होत्या आणि आता कोणीतरी नीट विचारले? घरचा कर्ता पुरुष शहरातून रिकाम्या हाताने परतला म्हणून त्यांना रानात उतरावे लागले, की बचतगटाच्या कर्जावर त्यांनी खरेच काही उभे केले? चारही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या असणार. मथळा यांतले काहीच सांगत नाही. तो फक्त 'वाढ' म्हणतो.

आणि ज्या ९२-९३ मध्ये उरल्या त्यांचे काय? सरकारच्याच २०२४ च्या कालव्यय पाहणीनुसार घरकाम करणारी स्त्री त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवते, आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटे. जवळपास पाच तास रोज. आणि तरी श्रमबलाबाहेर!

५

याचा अर्थ पाहणी कुचकामी आहे असा कोणी घेऊ नये. दुसऱ्या वाक्याचा, म्हणजे 'आकडे सगळे खोटे' याचा समाचार येथेच घेतो. वर दिलेला प्रत्येक आकडा आम्हांला सरकारी पाहणीतच मिळाला. तिने काही लपवलेले नाही. आपण पहिल्या पानापुढे गेलो नाही, इतकेच. उलट काही बाबतींत पाहणी आपल्या समाजाहून न्यायी आहे. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारे नवरा-बायको मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणून लिहिले जातात. उचल एका कोयत्याची, हिशेब एका कोयत्याचा, आणि पैसे बहुधा नवऱ्याच्या हाती. एकटा आला तर तो 'अर्धा कोयता'. बाई ऊस तोडते, मोळी बांधते, डोक्यावरून ट्रकमध्ये चढवते, पण वहीत तिला वेगळे नाव नसते. पाहणीच्या तक्त्यात मात्र ती स्वतंत्र कामगार असते. ज्या भाषेला मुकादमाचा 'कोयता' खटकत नाही, तिने पाहणीच्या '२१'ला नावे ठेवण्याआधी स्वतःकडे पाहावे.

आमच्या अर्थशास्त्राच्या मित्रांचा आक्षेप वेगळा आहे. ते म्हणतात, 'या व्याख्या जगभर अशाच आहेत. तुम्ही साहित्यवाले उगीच त्यात भावना मिसळता.' हे अर्धेच खरे आहे. घरच्या धंद्यातील विनामोबदला मदतनीस जगभर रोजगारात धरतात, हे मान्य. पण २०१३ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या आश्रयाने भरलेल्या श्रमसांख्यिकांच्या एकोणिसाव्या परिषदेने 'काम' आणि 'रोजगार' हे शब्द वेगळे केले. मोबदल्यासाठी किंवा नफ्यासाठी केलेले ते रोजगार. घरापुरते धान्य पिकवणे, स्वयंपाक, संगोपन हे सारे कामच, पण रोजगार नव्हे. आपली पाहणी घरापुरत्या शेतीला अजून रोजगारातच धरते. आणि गंमत अशी, की जी तफावत त्या परिषदेने ठरावाने घडवली ती आपल्या भाषेत पूर्वीपासून आहे. काम, धंदा, चाकरी, नोकरी, मजुरी, रोजंदारी, बिगार, वेठ, राबणे, खपणे : यांतल्या कोणत्याही दोन शब्दांची अदलाबदल कोणी शेतमजूर करणार नाही. बिगारीला तो रोजगार म्हणणार नाही, आणि राबण्याला नोकरी तर नाहीच नाही.

याहून घरचा दाखला हवा असेल तर तोही आहे. मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक एम. एल. दांतवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७० सालीच सांगितले होते, की जेथे निम्मे लोक स्वतःच्या शेतात-धंद्यात राबतात तेथे बेरोजगारीचा एकच एक आकडा काढणे निरर्थक आहे; वर्ष, आठवडा, दिवस अशा वेगवेगळ्या मापांनी मोजा आणि ते वेगवेगळेच मांडा. त्या शिफारशींवर आधारलेली पहिली मोठी पाहणी १९७२-७३ची. तेच वर्ष महाराष्ट्राच्या मोठ्या दुष्काळाचे. एकीकडे नव्या व्याख्यांनी मोजणी चालू होती आणि दुसरीकडे आपल्या गावांतल्या बाया दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या, सुकडीवर दिवस काढत होत्या. त्याच कामांतून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कायद्याने 'रोजगार' या शब्दाला एक अर्थ दिला होता : मागितल्यावर मिळणारे, मस्टरवर नाव चढणारे, दाम मिळणारे काम. म्हणजे दांतवालांनी आकडा एकटा ठेवू नका म्हटले, आणि खडी फोडणाऱ्या बायांनी शब्द पोकळ ठेवू नका म्हटले. आपण दोन्ही विसरलो.

६

शेवटी आमच्याच विभागाकडे वळतो. आम्ही नारायण सुर्वे शिकवतो, बाबूराव बागूल शिकवतो. कामगाराच्या घामावर टिपणे उतरवून देतो आणि त्यावर दहा गुणांचा प्रश्न काढतो. पण वर्गात समोर बसलेल्या साठ मुलांपैकी किती जण पुढे नियमित पगारावर लागतील, आणि ज्यांना त्या जागा मिळतील त्यांच्याकडे तरी लेखी करार असेल का, हे आम्ही कधी वाचून दाखवले नाही. शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकी ५८ टक्के लोकांकडे नोकरीचा लेखी करार नाही, असे २०२३-२४ च्या अहवालात छापलेले आहे. ज्यांना आपण हेवा वाटावा असे सुरक्षित म्हणतो त्यांची ही गोष्ट! हा मजकूर कोणत्याही कथेइतका वाचनीय आहे, आणि ही मुले त्यातली पात्रे आहेत. 'आकड्यांशी आपल्याला काय कर्तव्य' असे म्हणणारा प्राध्यापक त्यांना त्यांचीच गोष्ट वाचायला नकार देत असतो.

जानेवारी २०२५ पासून या पाहणीची घडण बदलली असून आता दरमहा आकडे प्रसिद्ध होतात. वर्षाला एक मथळा होता तेथे आता बारा होतील. म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात मांडतो. बेरोजगारीचा दर छापताना त्याच्या शेजारी दोन आकडे छापावेत : कामकऱ्यांपैकी किती जणांना दाम मिळत नाही, आणि किती जण लेखी कराराविना आहेत. विनामोबदला मदतीला मराठीत 'रोजगार' म्हणू नये. 'काम' म्हणावे, त्यात कोणाचाही अपमान नाही. आणि पदव्युत्तर वर्गात भाषाभ्यासाच्या एखाद्या तासाला त्या अहवालाची व्याख्यांची पाने वाचावीत, एखाद्या कठीण उताऱ्यासारखी, शब्द न् शब्द.

आम्ही येत्या सत्रात तसे करणार आहोत. पहिला गृहपाठही ठरला आहे. प्रत्येकाने आपल्या आईला विचारायचे, 'तू काय काम करतेस?' ती 'काही नाही, घरीच असते' असे म्हणाली की वहीत ते वाक्य जसेच्या तसे लिहायचे, आणि मग तिचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत लिहून काढायचा, प्रत्येक क्रियापदाला तिलाच कर्ता धरून. उरलेले व्याकरण नंतर शिकवू.